फुफ्फुसातली गाठ कॅन्सरची की साधी, हे रक्ताच्या तपासणीतून कळतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या मानेवाडा भागातल्या एका ताईंच्या वडिलांचं वय ६१. हर्नियाच्या ऑपरेशनआधी काढलेल्या छातीच्या एक्स-रेत डाग दिसला, म्हणून सीटी झाला. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात ११ मिलिमीटरची सॉलिड गाठ, कडा गुळगुळीत. बाबांनी वीस वर्षं बिडी ओढली, आठ वर्षांपूर्वी सोडली. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) मात्र सुरू आहे. १९९८ मध्ये टीबीचा कोर्स पूर्ण केलेला. कुणीतरी सुचवलं म्हणून 'कॅन्सर मार्कर'चं पॅकेज केलं, त्यात सीईए ६.२ आला. एक डॉक्टर म्हणतात टीबीच्या गोळ्या सुरू करा, दुसरे म्हणतात सुईने तुकडा काढा. ताई विचारतात, सुई टोचण्याआधी एखादी नीट सांगणारी रक्ताची तपासणी नाही का?

ताई, आधी सरळ उत्तर. जिच्या एकट्या रिपोर्टवर ११ मिलिमीटरची गाठ कॅन्सरची किंवा साधी ठरवावी अशी रक्ताची तपासणी आज नाही. काही तपासण्या शक्यता थोडी वर किंवा खाली सरकवतात, तेही योग्य रुग्ण निवडला तरच. म्हणून असा रुग्ण समोर आला की मी रक्ताकडे सगळ्यात शेवटी वळतो. आधी विचारतो की तपासणी न करताच या माणसात कॅन्सरची शक्यता किती आहे.

हा आकडा अंदाजाने सांगायची गरज नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९९७ मध्ये एक गणित मांडलं (आपलं सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरचं मेयो नव्हे!), ते आजही वापरलं जातं. त्यात सहा गोष्टी लागतात: वय, धूम्रपान, पाच वर्षांहून जुना छातीबाहेरचा कॅन्सर, गाठीचा व्यास, कडा काटेरी आहेत का, आणि गाठ फुफ्फुसाच्या वरच्या भागात आहे का. बाबांचे आकडे घातले तर उत्तर येतं सुमारे १९ टक्के. याच गाठीच्या कडा काटेरी असत्या तर ४० टक्के. गाठ २२ मिलिमीटरची आणि काटेरी असती तर ७० च्या पुढे. म्हणजे सीटीवरच्या एका विशेषणाने शक्यता दुप्पट होते. त्या पॅकेजमधला कुठलाही मार्कर एवढं काम करत नाही.

या गणिताला आपल्याकडे एक मोठी अडचण आहे. ते जिथल्या रुग्णांवर बसवलं तिथे टीबी क्वचित आढळतो. टीबीही फुफ्फुसाच्या वरच्याच भागात बसतो, त्यामुळे 'वरचा भाग' या मुद्द्याचं वजन विदर्भात तेवढं राहत नाही. त्यात कामठी, उमरेड, वणी, चंद्रपूरच्या कोळसा खाणींत काम केलेल्यांच्या फुफ्फुसात धुळीच्या गाठी असतात, त्याही वरच्या भागातच. बाबांनी खाणीत, क्रशरवर किंवा दगड फोडण्याचं काम केलं असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. बहुतेक वेळा कुणी विचारत नाही. एवढं धरून मी १९ हा आकडा 'पाच आणि पासष्टच्या मधला' एवढ्याच अर्थाने घेतो. पाचच्या खाली असता तर फक्त सीटी करत लक्ष ठेवलं असतं, पासष्टच्या वर असता तर थेट शस्त्रक्रियेचा विचार झाला असता. बाबा मधल्या पट्ट्यात आहेत, आणि सगळा गोंधळ याच पट्ट्यात होतो.

आता सीईए ६.२ कडे. बहुतेक लॅब बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांसाठी ३ आणि ओढणाऱ्यांसाठी ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही मर्यादा देतात. हा मार्कर बिडीने, जुन्या दम्या-खोकल्याने, यकृत किंवा किडनीच्या आजाराने, थायरॉइड मंदावल्याने, पोटातल्या अल्सरनेही थोडा वाढतो. उलट बाजू जास्त महत्त्वाची आहे: फुफ्फुसाचा कॅन्सर पहिल्या टप्प्यात असताना निम्म्याहून अधिक रुग्णांत सीईए नॉर्मल येतो. म्हणजे नॉर्मल आला असता तरी बाबांची सुटका झाली नसती, आणि ६.२ आला म्हणून त्यांच्यावर शिक्का बसत नाही. तो १० च्या वर गेला असता आणि वरची कारणं सापडली नसती, तर मी गप्प बसलो नसतो. पण तेव्हाही फुफ्फुसाबरोबर मोठं आतडं तपासलं असतं, कारण सीईए मुळात तिथला मार्कर म्हणून ओळखला जातो.

पॅकेजमधले बाकीचे मार्कर याहून वेगळे नाहीत. सायफ्रा २१-१ फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या स्क्वॅमस प्रकारात वाढतो, पण किडनी मंद असेल तरी वाढतो. प्रो-जीआरपी हा स्मॉल सेल कॅन्सरसाठी बरा मार्कर आहे, पण क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर तोही फसवतो. सीए १२५ टीबीत, विशेषतः छातीत किंवा पोटात पाणी झालं असेल तर, खूप वर जातो. पुरुषाच्या फुफ्फुसातल्या गाठीसाठी तो करायचं कारणच नाही. एनएसईची तऱ्हा तर आणखी वेगळी. हे एन्झाइम लाल पेशींमध्येही भरपूर असतं. रक्त काढताना सुई अडखळली, नळी जोरात हलवली, किंवा तासाभरात सीरम वेगळं केलं नाही, तर लाल पेशी फुटतात आणि आकडा वाढून येतो. काटोल किंवा भंडाऱ्याच्या कलेक्शन सेंटरवर सकाळी घेतलेली नळी मे महिन्यात दुपारपर्यंत डब्यात पडून राहिली, तर त्या एनएसईला काही अर्थ उरत नाही. रिपोर्टच्या तळाशी 'हिमोलाइज्ड' असा शेरा असेल तर तो आकडा खोडून टाका.

बायोटिनबद्दलही सांगून ठेवतो. केस गळतात म्हणून घेतलेल्या गोळ्यांत ते मोठ्या मात्रेत असतं, आणि काही मशीनवर त्यामुळे मार्कर खोटे कमी येतात. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस त्या गोळ्या बंद ठेवाव्यात. सीईए पुन्हा करायचाच झाला तर त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने. दोन कंपन्यांच्या मशीनवरचे आकडे एकमेकांशी जुळवायचे नसतात.

मग मुद्दाम गाठींसाठीच बनवलेल्या तपासण्या? त्या आहेत, आणि तुम्ही इंटरनेटवर बहुधा त्यांच्याबद्दलच वाचलं असेल. अमेरिकेतल्या बायोडेसिक्स कंपनीच्या दोन तपासण्या तिकडे चर्चेत असतात. नोडिफाय एक्सएल-टू या तपासणीत रक्तातली एलजी३बीपी आणि सी१६३ए ही दोन प्रथिनं मोजतात आणि ती रुग्णाच्या व गाठीच्या माहितीशी जोडून 'बहुधा साधी' असा कौल देतात. ती ४० वर्षांवरच्या, ८ ते ३० मिलिमीटरची गाठ असलेल्या आणि आधीची शक्यता ५० टक्क्यांपर्यंत असलेल्या रुग्णांसाठीच आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पॅनॉप्टिक अभ्यासात तिची संवेदनशीलता (कॅन्सर असलेल्यांपैकी किती पकडले) ९७ टक्के आणि विशिष्टता (साध्या गाठींपैकी किती साध्या म्हणून ओळखल्या) ४४ टक्के निघाली. दुसरी नोडिफाय सीडीटी, मूळ नाव अर्ली सीडीटी-लंग. शरीराने कॅन्सरविरुद्ध तयार केलेली सात प्रकारची अँटीबॉडी ती शोधते. पॉझिटिव्ह आली तर शंका वाढते, पण निगेटिव्हला किंमत नाही, कारण निम्म्याहून अधिक कॅन्सर तिच्या हातून सुटतात. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ मध्ये तिच्याबद्दल पुरेसा पुरावा नाही असंच म्हटलं.

९७ टक्के ऐकून माणूस हुरळतो, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. बाबांसारखे, म्हणजे साधारण २० टक्के शक्यता असलेले १००० रुग्ण घ्या. २०० जणांना कॅन्सर, ८०० जणांची गाठ साधी. तपासणी २०० पैकी १९४ पकडते, ६ सोडते. ८०० साध्यांपैकी ३५२ जणांना ती 'साधी' म्हणते आणि ४४८ जणांना उगाच घाबरवते. म्हणजे 'बहुधा साधी' म्हटलेल्या ३५८ जणांत कॅन्सरवाले ६, दोन टक्क्यांच्याही आत. हे चांगलंच आहे. अशा रुग्णाला सुई न टोचता तीन महिन्यांनी सीटी करता येतो. पण उलट निकाल आला तर? त्या ६४२ जणांत कॅन्सरवाले १९४, म्हणजे ३० टक्के. आधी २० होती, आता ३०. तुम्ही होतात तिथेच.

आता हीच तपासणी ७० टक्के शक्यता असलेल्या काटेरी गाठीवर केली तर? 'साधी' म्हटलेल्यांतही १०० मागे जवळपास १४ जणांना कॅन्सर निघेल. तो रिपोर्ट खिशात घालून घरी जाणं धोक्याचं. तपासणी तीच, निकाल तोच, अर्थ मात्र वेगळा. म्हणून रक्त देण्याआधी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: नॉर्मल आलं तर पुढे काय करणार? वाढलेलं आलं तर काय करणार? दोन्हींचं उत्तर एकच असेल तर पैसे वाचवा.

आपल्यासाठी याहून मोठी अडचण पुन्हा टीबीचीच. सी१६३ए हे प्रथिन मुळात मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींचं, आणि टीबीची गाठ म्हणजे मॅक्रोफेजचाच गोळा. टीबीत हे प्रथिन रक्तात वाढतं हे माहीत आहे. जिथे साधी गाठ म्हणजे बहुधा हिस्टोप्लाझ्मासारख्या बुरशीचा जुना व्रण, तिथल्या रुग्णांवर बसवलेली मोजपट्टी नागपूरच्या छातीवर जशीच्या तशी लावणं मला पटत नाही.

'लिक्विड बायोप्सी'बद्दलही, म्हणजे रक्तातला कॅन्सरचा डीएनए शोधण्याबद्दल, घरोघरी विचारणा होते. तिचा खरा उपयोग कॅन्सर सिद्ध झाल्यावर आहे: पसरलेल्या आजारात ईजीएफआरसारखा जनुकीय बदल रक्तातून शोधून औषध ठरवायला. एक सेंटिमीटरची गाठ रक्तात इतका कमी डीएनए सोडते की तो नाही सापडला म्हणून कॅन्सर नाही असं म्हणता येत नाही.

टीबी रक्तातून सिद्ध होईल का, हा याचाच जोडप्रश्न. नाही. 'टीबी गोल्ड' किंवा मांटू पॉझिटिव्ह आली तर बाबांच्या शरीराला कधीतरी टीबीचा जंतू भेटला होता एवढंच कळतं. ते आपल्याला १९९८ पासून माहीतच आहे. ही गाठ टीबीची आहे असा त्याचा अर्थ होत नाही. टीबीच्या अँटीबॉडी शोधणाऱ्या रक्ततपासण्यांवर तर केंद्र सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली. ईएसआर टीबी आणि कॅन्सर दोन्हींत वाढतो. एडीए हे टीबीत वाढणारं एन्झाइम छातीतल्या पाण्यात तपासायचं असतं. गाठीसाठी रक्तातला एडीए लिहून दिला असेल तर कागदावर ओळ वाढते, माहिती वाढत नाही.

तरी काही रक्ततपासण्या मी नक्की करून घेतो, पण त्यांचं काम वेगळं असतं. क्रिएटिनिन, कारण सीटीत डाय द्यायचा असतो. प्लेटलेट आणि पीटी-आयएनआर (रक्त नीट गोठतं का), कारण सुई घालायची असते. साखर, कारण पेट स्कॅनच्या (गाठ किती साखर शोषते ते दाखवणाऱ्या स्कॅनच्या) वेळी ती २०० च्या खाली हवी. एचआयव्ही, कारण पॉझिटिव्ह असेल तर सगळी गणितं बदलतात. कॅल्शियम आणि सोडियम, कारण फुफ्फुसाचे काही कॅन्सर ते बिघडवतात. गाठी अनेक असतील किंवा पोकळ असतील तर एएनसीए (रक्तवाहिन्यांच्या सुजेसाठी). सांधे सुजत असतील तर आरए फॅक्टर. गाठ पाण्याच्या फुग्यासारखी गोल दिसत असेल आणि घरी मेंढ्या-कुत्री असतील तर हायडॅटिडची (जंतामुळे होणाऱ्या फुग्याची) तपासणी सुईच्या आधी, कारण तो फुगा फुटला तर गंभीर अ‍ॅलर्जी उसळू शकते.

आणि खर्रा. फुफ्फुसाच्या गाठीसाठी आलेल्या माणसाचं तोंड कुणी बघत नाही. नागपुरात ते टॉर्च लावून बघायलाच हवं, जिभेच्या कडा आणि गालाच्या आतून, शिवाय मानेतल्या गाठी चाचपून. तोंडाचा कॅन्सर फुफ्फुसात उतरलेला असू शकतो, आणि मग प्रश्नच दुसरा होतो. खर्ऱ्याने तोंड दोन बोटांपेक्षा कमी उघडत असेल तर दुर्बिणीच्या तपासणीआधी आणि हर्नियाच्या भुलीआधी ते सांगा. हर्निया अडकलेला नसेल, दुखत नसेल, तर ते ऑपरेशन थोडं मागे गेलं तरी चालतं.

आता बाबांसाठी मी काय केलं असतं ते क्रमाने सांगतो. १९९८ च्या टीबीची फाइल, तेव्हाचे आणि नंतरचे एक्स-रे, अगदी नोकरीच्या किंवा विम्याच्या मेडिकलचे असले तरी शोधा. पत्र्याच्या पेटीत, गादीखाली, भावाच्या घरी. त्याच जागी तेवढाच डाग दोन वर्षांहून जुन्या फिल्मवर दिसला तर ही सॉलिड गाठ बहुधा जुना व्रण आहे, आणि सुई टळते. मात्र जुना एक्स-रे स्वच्छ आहे म्हणून गाठ नवी ठरत नाही. सेंटिमीटरभराची गाठ साध्या एक्स-रेत सहज लपते, विशेषतः हाडाच्या मागे.

सीटीची सीडी घ्या, नुसती फिल्म नको. चकत्या दीड मिलिमीटर किंवा त्याहून पातळ हव्यात. ५ मिलिमीटरच्या चकतीत ११ मिलिमीटरची गाठ जेमतेम दोनदा दिसते आणि तिच्यातला चुना किंवा चरबी हरवते. आणि याच दोन गोष्टी फुकटात निकाल लावतात: मधोमध, थरांत किंवा संपूर्ण गाठीत भरलेला चुना साधेपणाकडे बोट दाखवतो, लाह्यांसारखा चुना किंवा आत चरबी असेल तर हॅमार्टोमा, म्हणजे एक साधी गाठ. एका कडेला साचलेला चुना मात्र खात्रीचा नाही. रेडिओलॉजिस्टला एवढंच विचारायला लावा की चुना आहे का, असल्यास कुठे.

जुनी फिल्म नाही आणि चुनाही नाही, तर पेट-सीटी. ८ मिलिमीटरच्या वरच्या गाठीसाठी तो विचारात घेण्यासारखा आहे. पण टीबीची गाठही पेटमध्ये उजळते, २.५ चा एसयूव्ही (उजळण्याचं माप) ओलांडते, आणि कार्सिनॉइडसारखे संथ कॅन्सर थंड, म्हणजे न उजळलेले, दिसू शकतात. म्हणून आपल्याकडे थंड पेटचा उपयोग जास्त: तीन महिन्यांनी सीटी करून वाट बघता येते. पेट गरम आला तर कॅन्सर ठरत नाही, तुकडा काढायचं ठरतं. आणि हा सगळा क्रम सॉलिड गाठीचा आहे. धूसर काचेसारखी गाठ असती तर सहा ते बारा महिन्यांनी सीटी आणि पुढे पाच वर्षं लक्ष, असा वेगळाच रस्ता घेतला असता.

तीन महिन्यांनी सीटी करताना हे लक्षात ठेवा: व्यास २६ टक्क्यांनी वाढला की आकारमान दुप्पट होतं. म्हणजे ११ ची १४ झाली तर गाठ दुप्पट झाली. ११ ची १२ झाली तर ती मोजण्यातली चूकही असू शकते. दोन मिलिमीटरच्या आतल्या फरकावर कुणी घाबरवलं तर दोन्ही सीडी एकत्र बघून घ्या. शक्य असेल तर त्याच सेंटरला, त्याच मशीनवर.

'टीबीच्या गोळ्या देऊन बघू' याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: जंतू किंवा तुकड्याचा पुरावा नसताना, बिडी ओढलेल्या साठीच्या माणसात, नको. एकेटीवर, म्हणजे टीबीच्या गोळ्यांवर, टीबीची गाठ सावकाश आटते, कधी सुरुवातीला वाढतेही, त्यामुळे गोळ्यांनी फरक पडला नाही हे कळायलाच महिने जातात. शिवाय टीबीच्या जुन्या व्रणातही कॅन्सर उगवतो. एकेटी आधीच सुरू झाली असेल तर आपल्या मनाने बंद करू नका, पण थुंकीचं सीबीनॅट (जंतूच्या जनुकावरून टीबी शोधणारी तपासणी) झालं का ते विचारा, यकृताच्या तपासण्या करा आणि दोन-तीन महिन्यांत सीटी ठरवून घ्या. थुंकीचं सीबीनॅट सरकारी टीबी केंद्रात मोफत होतं. एकट्या छोट्या गाठीत ते बहुधा निगेटिव्ह येतं, तेव्हा त्याच्या भरवशावर टीबी नाही असंही ठरवू नका.

सुईची भीती समजते. सीटीच्या मदतीने तुकडा काढताना १०० पैकी सुमारे १५ जणांत फुफ्फुसाभोवती थोडी हवा जमते, आणि त्यातल्या काहींनाच नळी घालावी लागते. बिडीने फुफ्फुस फुगलेलं असेल तर धोका वाढतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या सुरू असतील तर आधी सांगा. त्या कधी आणि किती दिवस थांबवायच्या हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरतं. रिपोर्टमध्ये 'हॅमार्टोमा' किंवा 'केझिएटिंग ग्रॅन्युलोमा' (बहुधा टीबीची गाठ) असं नाव आलं तर गाठीला उत्तर मिळालं. नुसतं 'सूज आहे, कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत' असं आलं, तर सुई गाठीच्या शेजारी गेली असण्याची शक्यता राहते. तो रिपोर्ट निकाल म्हणून धरू नका.

आणि सुईच्या दिवशी एक गोष्ट तुम्ही स्वतः बघा. तुकडे सगळेच्या सगळे फॉर्मलिनच्या बाटलीत जातात, कारण टेबलावर तीच ठेवलेली असते. फॉर्मलिनमध्ये टीबीचा जंतू मरतो, मग कल्चर होत नाही. आत जाण्याआधी डॉक्टरांना सांगा की एक तुकडा साध्या सलाइनच्या निर्जंतुक बाटलीत हवा, सीबीनॅट आणि कल्चरसाठी. ती बाटली त्याच दिवशी लॅबला पोचली पाहिजे. कुणी न्यायची ते आदल्या संध्याकाळीच ठरवून ठेवा.